वर्षानुवर्षं मनात असलेलं गाणं गिटारवर कसं बसवायचं

ज्या गाण्यासाठी मी गिटार घेतली ते गाणं मला गिटार घेतल्यावर नऊ वर्षांनी नीट वाजवता आलं. मधल्या काळात बाकीची पंधरावीस गाणी येत होती, पण हे एक गाणं दर वेळी अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत अडायचं, आणि अडलं की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. म्हणजे झालं काय, की मुखडा शेकडो वेळा वाजवून झाला आणि जी ओळ येत नव्हती ती मात्र दिवसातून जेमतेम दोनतीन वेळा हाताखालून जायची. हेच मूळ दुखणं होतं. कॉर्ड येत असतात, ठेकाही येत असतो, गाणं अडतं ते एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जायच्या त्या अर्ध्या सेकंदात, त्या सांध्यात. हे कळल्यावर तेच गाणं मी अकरा आठवड्यांत बसवलं, रोज वीसपंचवीस मिनिटं देऊन. ते कसं केलं ते क्रमाने लिहितोय. तुम्हाला सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर असे साधे ओपन कॉर्ड थोडेफार धरता येतात असं गृहीत धरलंय.

आधी गिटार तपासा

हे वगळू नका, कारण कित्येक लोक स्वतःच्या बोटांना दोष देत बसतात आणि दोष गिटारचा असतो. बाराव्या फ्रेटवर जाड तार आणि फ्रेटची धातूची पट्टी यांच्यात किती अंतर आहे ते मोजपट्टीने बघा. साधारण अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक, साडेतीन-चारच्या वर गेलं असेल तर तारा फार उंच आहेत, याला ॲक्शन म्हणतात, आणि ती कमी करून घ्यायला गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, ब्रिजवरची पट्टी घासणं, ट्रस रॉड (मानेच्या आतला, तिचा बाक ठरवणारा दांडा) फिरवणं हे घरी करू नका.

दुसरी एक चाचणी मला फार उपयोगी पडली. पहिल्या फ्रेटवर एफ धरून बघा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि तोच आकार एक फ्रेट पुढे सरकवून धरा. कॅपो लावल्यावर एकदम सोपं वाटलं तर नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खाचा उंच राहिल्यात, म्हणजे तुम्ही इतके दिवस गरजेपेक्षा किती तरी जास्त जोर लावत होतात. माझ्या गिटारचं हेच होतं. खाचा नीट करून घेतल्या आणि १२ च्या तारा काढून ११ च्या लावल्या (हा आकडा म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), दोन्ही एकाच दिवशी केल्यामुळे कशाने किती फरक पडला ते सांगता येणार नाही, पण पडला तो प्रचंड. बोटं फारच दुखत असतील तर १० च्या लावा, आवाज थोडा पातळ होतो, चालतं. आणि तारा काळ्या पडल्या असतील, हाताला खरखरीत लागत असतील तर बदलून टाका, जुनी तार सुरात लागतच नाही धड.

ट्यूनिंगचं थोडक्यात: जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई. तारांचे नंबर मात्र उलटे, सगळ्यात बारीक ती पहिली आणि सगळ्यात जाड ती सहावी. ट्यूनरमध्ये ४४० हर्ट्झ सेट आहे ना ते एकदा बघून घ्या, चुकून दुसरंच काही असेल तर मूळ गाण्याबरोबर वाजवताना सगळं बेसूर वाटेल आणि कारण कळणार नाही. तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणायची, जास्त चढली तर आधी उतरवून पुन्हा चढवायची, नाहीतर खुंटीतली ढील वाजवता वाजवता सुटते आणि तार उतरते.

वही घेऊन ऐका, गिटार बाजूला ठेवा

गाणं तुम्ही हजार वेळा ऐकलंय, पण वाजवण्यासाठी ऐकणं वेगळं. पहिले दोनतीन दिवस मी फक्त एक कागद आणि पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक ओळ किती मात्रांची आहे, मुखडा किती वेळा येतो, अंतऱ्याच्या आधी म्युझिक किती आवर्तनं चालतं, कुठे गायक अर्धी मात्रा आधीच उचलतो, हे सगळं एका पानावर मांडलं. चार चौकोन म्हणजे चार आवर्तनं, एवढं साधं. या पानाचा उपयोग शेवटपर्यंत झाला, ते घडीवर फाटलं तेव्हा चिकटपट्टी लावून ठेवलं.

मग सा शोधायचा. गाणं जिथे संपतं, जिथे येऊन मनाला वाटतं की आलं घरी, तो सूर गुणगुणत राहा आणि सगळ्यात जाड तारेवर एकेक फ्रेट दाबत जा. मोकळी तार ई, पहिला फ्रेट एफ, तिसरा जी, पाचवा ए, सातवा बी, आठवा सी. मधले राहिले ते शार्प. हार्मोनियमची सवय असेल तर पांढरी एक म्हणजे सी आणि काळी एक म्हणजे सी शार्प, तिथून मोजत जा.

सा कळला की कॉर्डचं कुटुंब आपोआप कळतं. सा जी असेल आणि गाणं मेजरमधलं असेल तर बहुतेक कॉर्ड या सहामधलेच येतात: जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर. सा सी असेल तर सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर. गाणं ए मायनरवर येऊन थांबत असेल तरी कुटुंब हेच, फक्त ई मायनरच्या जागी बऱ्याचदा ई मेजर येतो, कारण त्याने परत ए मायनरवर यायची ओढ वाढते.

इंटरनेटवर तयार कॉर्ड मिळतात, जरूर घ्या, पण डोळे झाकून घेऊ नका. तपासायचं कसं तर हेडफोन लावून फक्त खालचा जाड बेसचा सूर ऐका आणि तो जाड तारांवर शोधा. बेस एफवर गेलाय आणि कागदावर डी मायनर लिहिलंय तर शंका घ्या. दरवेळी बेसचा सूर म्हणजेच कॉर्डचं नाव असं नसतं, पण बहुतेक वेळा असतं. बऱ्याच प्लेअरमध्ये गाणं अर्ध्या स्पीडवर चालवायची सोय असते आणि पट्टी तीच राहते, ती वापरा. जुनं रेकॉर्डिंग असेल तर ते कधी कधी दोन सुरांच्या मध्येच कुठेतरी असतं, टेपचा वेग जरा कमीजास्त झालेला असतो, अशा वेळी कॉर्ड चुकले असं समजू नका, गिटारच गाण्याच्या सुरात मिळवून घ्या.

पट्टी आणि कॅपो

मूळ गायकाची पट्टी तुम्हाला झेपेलच असं नाही, आणि मूळ पट्टीतले कॉर्ड सोपे असतीलच असंही नाही. कॅपो एक फ्रेट पुढे नेला की सगळं अर्ध्या सुराने चढतं, हिशोब इतकाच. गाणं काळी चारमध्ये असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जीचे आकार. काळी एक असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सीचे आकार. काळी पाच असेल तर तिसरा फ्रेट आणि जीचे आकार. आधी स्वतःच्या गळ्यात अंतऱ्याचा सगळ्यात वरचा सूर गाऊन बघा, मुखडा सगळ्यांनाच जमतो. तो वरचा सूर ओरडल्याशिवाय लागला ती तुमची पट्टी.

कॅपो फ्रेटच्या अगदी मागे टेकून लावायचा, धातूच्या पट्टीवर चढवायचा नाही, आणि लावल्यावर पुन्हा एकदा ट्यूनिंग बघायचं, कारण त्याच्या दाबाने तारा थोड्या चढतात.

कॉर्ड स्वच्छ करून घ्या

गाण्यात जेवढे कॉर्ड आहेत तेवढेच घ्या. एकेक कॉर्ड धरा आणि एकेक तार स्वतंत्र छेडा. एखादी तार मुकी वाजली तर बहुतेक वेळा शेजारचं बोट तिला टेकलेलं असतं, एखादी खरखरली तर बोट फ्रेटपासून लांब पडलेलं असतं. बोटाचं टोक फ्रेटच्या लगेच मागे हवं.

जोराबद्दल एक व्यायाम सांगतो. कॉर्डची बोटं तारांवर नुसती ठेवा, दाबू नका, आणि उजव्या हाताने छेडत राहा, टप टप असा मुका आवाज येईल. आता हळूहळू दाब वाढवत जा, एका क्षणी सूर मोकळा होतो. तेवढाच जोर पुरतो. त्याच्या पुढे लावलेला सगळा जोर वाया जातो, आणि तोच पुढे कॉर्ड बदलताना आड येतो कारण आवळलेली बोटं पटकन उचलली जात नाहीत.

बोटं दुखतील. सलग वीस मिनिटांच्या वर नको, त्यापेक्षा सकाळी दहा आणि रात्री दहा बरं. तीनचार आठवड्यांत टोकं घट्ट होतात. भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच वाजवायला बसू नका, भिजलेल्या मऊ कातडीत तार रुतते. टोकाची कातडी दुखणं वेगळं आणि मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखणं वेगळं, दुसरं दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबाच, मनगट फार वाकतंय का ते बघा.

आता खरं काम, सांधे

कागदावरचे कॉर्ड बघा आणि कुठून कुठे जायचंय अशा जोड्या लिहून काढा. माझ्या गाण्यात पाच कॉर्ड होते आणि जोड्या निघाल्या सात. प्रत्येक जोडीला एक मिनिट घड्याळ लावायचं, मिनिटात किती वेळा बदल होतो ते मोजायचं, आकडा लिहायचा. संथ गाण्याला मिनिटात तीसेक बदल जमले तरी भागतं, जलद गाण्याला पन्नाससाठ हवेत. आकडे लिहिल्यावर लगेच कळतं की कुठे घोडं अडतंय. माझ्या सहा जोड्या चाळीसच्या वर होत्या आणि एकच, ए मायनरवरून एफ, अकरावर होती. हीच ती अंतऱ्याची दुसरी ओळ!

मग त्या एका जोडीवर बसलो. चार दिवस दुसरं काहीच वाजवलं नाही. अगदी हळू, एखादी वस्तू भिंगाखाली धरावी तसं बघितलं की कुठलं बोट काय करतंय. (एफ म्हणजे इथे छोटा एफ, पहिल्या बोटाने फक्त बारीक दोन तारा दाबायच्या, जाड दोन तारा सोडून द्यायच्या.) पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला असतं, ते एफमध्येही तिथेच राहतं, त्याचा प्रश्नच नाही. पण ए मायनरमध्ये मधलं बोट चौथ्या तारेवर आणि अनामिका तिसऱ्या तारेवर असते, आणि एफमध्ये बरोबर उलटं, मधलं तिसऱ्यावर आणि अनामिका चौथ्यावर. म्हणजे दोन बोटं हवेत एकमेकांना ओलांडून जागा बदलत होती, आणि तिथे ती एकमेकांत अडकायची. मग मी ए मायनरच उलटा धरला, अनामिका चौथ्या तारेवर आणि मधलं बोट तिसऱ्यावर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला. धरायला जरा अवघडल्यासारखं होतं, पण आता एफवर जायला अनामिका फक्त एक फ्रेट पुढे सरकते आणि पहिलं बोट थोडं आडवं होतं. बस्स. अकरावरून तिसऱ्या दिवशी अडतीस.

यातून जे कळलं ते प्रत्येक जोडीला लावून बघा: कॉर्ड कुठल्या बोटांनी धरायचा हे पुढचा कॉर्ड कुठला आहे यावर ठरवायचं. काही जोड्यांत तर काम जवळजवळ झालेलंच असतं. सीवरून ए मायनरला फक्त अनामिका हलते. जी चार बोटांनी धरला, अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर डीवर जाताना अनामिका उचलायचीच नाही, ती खुंटीसारखी रोवून ठेवायची आणि बाकीची बोटं तिच्याभोवती फिरवायची. जीवरून ई मायनरला पहिलं बोट पाचव्या तारेवर तसंच ठेवायचं. जे बोट हलायची गरज नाही ते उचललं जात नाही ना, एवढं एकदा आरशात किंवा मोबाइलवर व्हिडिओ घेऊन बघा, आपल्याला वाटतं आपण ठेवलंय पण ते उचललेलं असतं.

सगळ्यात उशिरा पोचणारं बोट कुठलं तेही शोधा, आणि दोनतीन दिवस मुद्दाम तेच आधी ठेवायची सवय लावा. बाकीची मागून येतात.

मिनिटाचा व्यायाम जमला की सांधा गाण्यात घ्यायचा. आधीच्या कॉर्डच्या शेवटच्या दोन मात्रा, नव्या कॉर्डची पहिली मात्रा, आणि थांबायचं. पुन्हा तेवढंच. दहा वेळा. मग पुढचा सांधा. पूर्ण गाणं दिवसातून एकदाच, अगदी शेवटी, चूक झाली तरी न थांबता.

आणि एक गोष्ट, जी मला कोणी सुरुवातीला सांगितली असती तर फार बरं झालं असतं. कॉर्ड बदलताना उजवा हात थांबवायचा नाही. आवर्तनातला शेवटचा वरचा फटका मोकळ्या तारांवर पडला तरी चालतो, त्या वेळी डावा हात प्रवासात असतो. चांगले वाजवणारे सर्रास हे करतात, कानाला ते चूक वाटत नाही, उलट ठेका सलग राहतो. हात थांबला की मात्र लगेच कळतं.

एफ आणि बी मायनर

पूर्ण बार कॉर्ड (तर्जनी आडवी टाकून एका फ्रेटच्या सगळ्या तारा दाबायच्या तो) येईपर्यंत गाणं अडवून ठेवू नका. छोटा एफही जमत नसेल तर एफ मेजर सेव्हन धरा: चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसरीवर दुसरा, दुसरीवर पहिला, पहिली मोकळी. बी मायनरच्या जागी बी मायनर सेव्हन: पाचवी, तिसरी आणि पहिली तार, तिन्ही दुसऱ्या फ्रेटला, बाकी मोकळ्या, सहावी वाजवायची नाही. रंग जरा बदलतो पण गाण्यात बसतात, मला तर संथ गाण्यात हेच जास्त आवडतात.

उजवा हात

डाव्या हाताने सगळ्या तारा हलक्या झाकून ठेवा, सूर नकोच, नुसता ठेका. हात लंबकासारखा सतत खाली-वर: आकड्याला खाली, "अन्"ला वर. एक अन् दोन अन् तीन अन् चार अन्. आता सगळ्यात जास्त वापरला जाणारा पॅटर्न असा: एक, दोन अन्, (तीनला हात खाली जातो पण तारेला लागत नाही), अन्, चार अन्. म्हणजे खाली, खाली-वर, वर-खाली-वर. तीनवर हात हवेतून जातो हे महत्त्वाचं, तिथेच बहुतेकांचा हात थबकतो आणि सगळं पुढे ढकललं जातं. सहा मात्रांचं, दादऱ्यासारखं झुलणारं गाणं असेल तर हा पॅटर्न बसणारच नाही, तिथे एक आणि चार वर वजन द्या, बाकीचे फटके हलके.

एकवर जाड तारा, पुढच्या फटक्यांना बारीक तारा, एवढं केलं तरी नुसत्या खरडण्याचं वाजवणं होतं. प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) पातळ घ्या, पाऊण मिलिमीटरच्या आत. मूळ गाण्यात तारा एकेक छेडल्या असतील तर अंगठा जाड तीन तारांना, तर्जनी तिसरीला, मधलं दुसरीला, अनामिका पहिलीला, आणि ही वाटणी बदलायची नाही.

मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणारं यंत्र किंवा ॲप, लावाच. माझ्या गाण्याची मूळ लय मिनिटाला ९२ ठोके होती, सुरुवात ५६ वर केली. सलग पाच वेळा ओळ स्वच्छ गेली की चार वाढवायचे, दोनदा लागोपाठ अडली की आठ कमी करायचे. कमी करायचा कंटाळा करू नका.

गाणं गात वाजवायचं तर

इथे बरेच जण कोलमडतात कारण दोन्ही एकदम करायला जातात. आधी वाजवत वाजवत नुसतं गुणगुणा. मग शब्द चालीशिवाय, बोलल्यासारखे पण ठेक्यात म्हणा. मग चाल. आणि कागदावर कॉर्ड शब्दाच्या वर न लिहिता नेमक्या अक्षराच्या वर लिहा. समजा ओळीत "आठवण" हा शब्द आहे आणि कॉर्ड "ठ"वर बदलतोय, तर खूण "ठ"वरच हवी, कारण "आ" अजून जुन्या कॉर्डवर आहे. हे अर्ध्या शब्दाचं अंतर आपल्याला ऐकताना कधीच जाणवलेलं नसतं. मी सगळ्या गाण्यावर अशा खुणा केल्या त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा पूर्ण अंतरा गाऊन वाजवला, न अडता, आणि मग गिटार मांडीवर तशीच ठेवून कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

रेकॉर्ड करा, आठवड्यातून एकदा, मोबाइल समोर ठेवून. लय कुठे पळते ते वाजवताना कळत नाही, ऐकताना लगेच कळतं. माझी दर वेळी अंतरा संपून मुखड्यावर येताना पळायची, घरी परतायची घाई असल्यासारखी.

सुरुवातीचं म्युझिक सगळ्यात शेवटी बसवा. सगळे आधी तेच शिकतात आणि तिथेच महिने जातात. गाणं हातात असेल तर ते म्युझिक आठवडाभरात येतं, कारण त्याचे सूर बहुतेक याच कॉर्डच्या आकारांमधून निघालेले असतात, बोटं आधीच तिथे असतात.

शेवटही ठरवून ठेवा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये गाणं हळूहळू विरत जातं, आपल्याला तसं करता येत नाही. शेवटची ओळ दुसऱ्यांदा घ्या, लय थोडी सैल सोडा, शेवटचा कॉर्ड एकेक तार सुटी करत अंगठ्याने संथ ओढा, आणि मग डावा हात उचलू नका. तारा पूर्ण शांत होईपर्यंत तसाच धरून ठेवा.